मेव्हणेबुवा, खिसे दाखवा

ट्रानेबेक, डेन्मार्क, ९ जून २०२५

प्रिय लिस्बेट,

पाच वेळा फोन केला. पाचही वेळा तुझ्या यंत्राने मला निरोप ठेवायला सांगितलं. यंत्राशी बोलायची मला सवय नाही, म्हणून कागद घेतला. पत्र तुला फाडून टाकता येईल, पण त्याआधी ते कुणाचं आहे हे बघायला तरी हातात घ्यावं लागेल. फक्त घाई कर. वर्षअखेरीस पोस्टवाले गावातली लाल पेटी उचलून नेणार आहेत, देशभरातल्या सगळ्याच नेणार आहेत, तेव्हा भांडायचं ते डिसेंबरच्या आत भांडून घेऊ.

आता मुद्द्याचं. माझी नात आल्बर्टे चौदा वर्षांची झाली, दीक्षेसाठी चर्चमध्ये पाद्र्यांसमोर उभी राहिली, त्या दिवसाच्या जेवणासाठी तू आणि डुएन आयोवाहून आलात. दहा दिवसांसाठी आलात आणि चौथ्या दिवशी गेलात. घरात उरलेल्या सहा दिवसांचं हेरिंग माशाचं लोणचं मुरत पडलं होतं. तुझ्या दाजींनी, म्हणजे एगोनने, ते एकट्याने संपवलं आणि अजून त्याच्याजवळ बसवत नाही.

का गेलात? तर एका कडव्यासाठी. आपल्याकडे जेवणावळीत गाणी लिहितात, ती छापून ताटाशेजारी ठेवतात, आणि ज्याच्यावर जीव असतो त्याची त्यात मनसोक्त खेचतात. ज्याच्यावर एकही कडवं नाही त्याने समजावं की आपल्याला उगाच उपचार म्हणून बोलावलंय. हे तुला सांगायला नको, पण लग्नाला बारा वर्षं होत आली तरी तू डुएनला सांगितलेलं दिसत नाही. आल्बर्टेवर मी नऊ कडवी केली, एगोनवर एक, पाद्र्यांवर एक. डुएनला वगळलं असतं तर ते बरं दिसलं असतं का? शिवाय पाहुण्याला एकटं वाटू नये म्हणून त्याचं कडवं मी मुद्दाम इंग्रजीत रचलं. त्याच्या ताटापुढे अमेरिकेचा छोटा कागदी झेंडासुद्धा लावला होता, तो आणायला मी शहरात गेले होते. आपल्या भाषेत त्या कडव्याचा अर्थ एवढाच होतो:

मित्र आला दारी, म्हणे, अंगण दे विकत,
नाही म्हणता बसवली त्याने लोण्यावर जकात;
मेव्हणेबुवा, जेवून घ्या, ताट आहे भरलेलं,
जाताना खिसे दाखवा, बेट नाही ना नेलेलं!

यात वावगं काय आहे? तुमच्या राष्ट्राध्यक्षाला आपलं ग्रीनलंड हवंय हे काय मी शोधून काढलं? तो स्वतःच उठसूट सांगत असतो. बेचाळीस माणसांनी कडवं म्हटलं आणि रीतीप्रमाणे सगळे थांबून डुएनकडे बघायला लागले. माणसाने उठावं, ग्लास उंचवावा, की पुढचं कडवं. डुएन उठला. आम्ही टाळ्या पिटल्या. त्याने रुमालाची घडी घातली, ती ताटाशेजारी ठेवली आणि तो दाराबाहेर गेला. आम्ही टाळ्या पिटतच होतो, वाटलं, बाथरूमला गेला असेल. भाड्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा कुठे शेजारचा व्हेर्नर म्हणाला, "अगं, हा ग्लास न उचलताच गेला की!"

स्वयंपाकघरात मी नंतर तुला जे काही बोलले असेन, तेव्हा नळ चालू होता. तुला नीट ऐकू आलं नसेल. सोडून दे.

माफीची वाट बघत असशील तर खुर्ची घेऊन बस. मेव्हण्याला गंमत कळत नाही यात माझा काय दोष?

तुझी थोरली,
बोडिल

ता. क. रास्मुसने नमस्कार सांगितलाय. तो माझ्याशी सध्या फारसं बोलत नाही. तसा माझा मुलगा आधी तरी कुठे बोलायचा म्हणा.


ट्रानेबेक, ३ ऑगस्ट २०२५

प्रिय लिस्बेट,

तुझं कार्ड मिळालं. "वाढदिवसाच्या शुभेच्छा. लि." नाव पुरं लिहायला शाई कमी पडली का? तरी मी ते खिडकीत उभं करून ठेवलंय. येणारे-जाणारे विचारतात, लिस्बेटने काय लिहिलंय, आणि मी सांगते, मनापासून लिहिलंय.

इकडे मी तुमच्या मालावर बहिष्कार घातला आहे. दुकानात अमेरिकेची सॉसची बाटली दिसली की मी ती उलटी करून ठेवते. दुकानातली बाई मागून येऊन सुलटी करते. सुरुवातीला ती डोळे वटारायची, आता आम्ही एकमेकींना हात करतो आणि आपापलं काम करत राहतो. सॉस सुटला, मनुका सुटल्या, एगोनची दाढीची पाती सुटली, त्यामुळे तो आता दाढी राखतो. त्याला शोभते, पण हे मी त्याला सांगितलेलं नाही. अडले ते बदाम. नाताळच्या खिरीत घालतो ते बदाम कॅलिफोर्नियाचे असतात हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं. आतापासूनच साठा करावा म्हणून गेले होते. शेवटी स्पेनचे घेतले. महाग आहेत.

जुलैत गावच्या सभागृहात उन्हाळी सभा झाली. ग्रीनलंडचा विषय निघाला, जकातीचा निघाला, सगळ्यांच्या नाकाला मिरच्या झोंबलेल्याच होत्या. मी उभी राहिले आणि हात वर करून शपथ घेतली की हा माणूस त्या खुर्चीत आहे तोवर मी अमेरिकेत पाऊल ठेवणार नाही. टाळ्या पडल्या. शेजारी म्हणून व्हेर्नरने सगळ्यात जोरात वाजवल्या. घरी येताना एगोन म्हणाला, "तिथं तुझं एकच माणूस आहे." एवढंच बोलला आणि कोंबड्यांना बघायला गेला.

पंधरा टक्के ठरले म्हणे. लोण्यावर, औषधांवर, आणि रास्मुसच्या लाकडी बुटांवरही. तो बनवतो त्यातले निम्म्याहून जास्त जोड तुमच्या दुकानात जातात, त्यावरच तर त्याचं घर चालतं. मला वाटलं होतं आता तुझी मागणी थांबेल, रागाने म्हण किंवा जकातीने म्हण. मी मनाशी वाक्यंही जुळवून ठेवली होती तुला सुनवायला. पण रास्मुस सकाळी सातला शेडमध्ये शिरतो तो संध्याकाळी सहाला बाहेर येतो, अंगभर लाकडाचा भुसा. मी विचारलं, "एवढे बूट कुणासाठी?"

"पाय असलेल्यांसाठी," म्हणाला.

आता एक कबूल करते. ते कडवं मी सहज बसल्या बसल्या केलं असं सगळ्यांना सांगितलं होतं. तसं नाही. पंधरा दिवस घासत होते. मार्चमध्ये तुमच्याकडचा एक बडा माणूस म्हणाला होता की डेन्मार्क हा काही चांगला मित्र नाही. बातमी लागली तेव्हा रास्मुस माझ्या टेबलाशी जेवत होता. अफगाणिस्तानात लढायला हा पोरगा कुणाच्या हाकेवरून गेला होता, लिस्बेट? तेवीस वर्षांचा होता. परत आला तो डाव्या कानाचं ऐकू येणं तिथं ठेवून. त्याने बातमी ऐकली, ताटातला पाव संपवला, "कालवण छान झालंय" म्हणाला आणि शेडमध्ये गेला. मी मात्र पेटले. कुणाला तरी सुनवायचं होतंच. राष्ट्राध्यक्ष काही आपल्याकडे जेवायला येत नाही. डुएन आला.

ही माफी नव्हे. नुसतं सांगितलं.

बोडिल


ट्रानेबेक, २२ सप्टेंबर २०२५

प्रिय लिस्बेट,

हे पत्र कालपासून तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. आधीची दोन शेगडीत गेली. खाली बसून वाच, आणि डुएन आसपास असेल तर दुसऱ्या खोलीत जा.

काल रविवार. दुपारी मी रास्मुससाठी कॉफी आणि दालचिनीचे पाव घेऊन शेडकडे गेले. कानामुळे तो फोन मोठ्या आवाजावर टाकून बाकावर ठेवतो आणि काम करता करता बोलतो. दाराशी पोचते तर आतून डुएनचा आवाज! मी चार पावलं मागे सरले. वाटलं, बाई, हा परत आला की काय.

"म्हातारी तोफ काय म्हणते?" डुएन विचारत होता.

"तापलेलीच आहे अजून," रास्मुस म्हणाला. हसत होता गं! माझ्याशी बोलताना ह्याचं तोंड शिवल्यासारखं असतं, आणि तिकडे दर रविवारी तास-तास गप्पा चालतात, हे मला काल कळलं. मग तो म्हणाला, "डुएन, आता पंधरा टक्के झालेत. दर खेपेची जकात तू एकटा किती दिवस भरणार? निम्मी मी देतो."

"एप्रिलपासून भरतोय. सवय झाली मला."

"मावशीला सांगितलंस?"

"वेडा आहेस का? तिने मोटारसायकल विकू दिली असती? तिला वाटतंय गुडघ्यामुळे विकली."

"मग दुकानात किंमत तरी वाढव."

"नर्सबाया घेतात रे ते बूट. बारा-बारा तास उभ्या असतात. त्यांच्याकडून कुठे वाढवून घेऊ?"

"आणि मत कुणाला दिलं होतंस?" रास्मुसने विचारलं.

"तो वेगळा विषय आहे." डुएनने विषय तोडला. नुसता रंधा चालल्याचा आवाज येत होता. "हे बघ, रास्मुस. आम्ही हाक मारली तेव्हा तू आलास. काय किंमत पडेल म्हणून विचारलं नाहीस. मग मीही विचारत नाही. तुझ्या आईला मात्र यातलं अक्षर कळता कामा नये. ती उद्याच्या उद्या कोंबड्या विकून पैसे पाठवेल."

कॉफी गार झाली. एप्रिलपासून, लिस्बेट! म्हणजे मे महिन्यात तो माझ्या टेबलाशी बसला होता तेव्हा भरतच होता. त्याच्या खिशातून माझ्या मुलाची जकात जात होती, आणि मी बेचाळीस माणसांकरवी त्याला म्हणत होते, खिसे दाखवा. आणि तो काही न बोलता रुमालाची घडी घालून निघून गेला. मी त्या जागी असते तर सगळ्यांसमोर बोलून दाखवलं असतं, आणि वर एक कडवंही केलं असतं.

मी आत गेले. रास्मुसने फोन बंद केला. "किती ऐकलंस?"

"सगळं."

"बरं झालं," तो म्हणाला. "आई, माझ्या नावाने भांडायचं असेल तर आधी मला विचारत जा. मी त्याच्यावर रागावलेलो नाही. त्या बड्या माणसावर आहे, पण तो मला ओळखत नाही. डुएन ओळखतो." इतकं लांब तो माझ्याशी अनेक वर्षांत बोलला नव्हता. मी गार कॉफी स्वतःच पिऊन टाकली.

आता हे तुला लिहून मी डुएनचं गुपित फोडते आहे. पण नवऱ्याबद्दल बायकोला माहीत असावं असंच हे आहे. मला कळलंय हे त्याला सांगू नकोस, बिचारा शरमेल.

आणि तोंड उघडलंच आहे तर पुढचंही सांगते. नळ बंद होता. स्वयंपाकघरात तुला सगळं नीट ऐकू आलं हे मला त्याच वेळी दिसलं होतं. तू म्हणालीस, "बोडिल, तो माझा नवरा आहे," आणि मी म्हणाले, "मग जा की तुमच्या अमेरिकेत, तुम्ही सगळे तसलेच." तुम्ही म्हणाले मी, तुला. जिचे दुधाचे दात मी दोरा बांधून काढले तिला.

पुढचं वाक्य लिहायला घेतलं की हात थांबतो. दोन पत्रं शेगडीत गेली ती त्यामुळेच. तू समजून घे.

बोडिल


ट्रानेबेक, २६ ऑक्टोबर २०२५

प्रिय लिस्बेट,

चार पानं! दोन्ही बाजूंनी! मी ती उभ्यानेच वाचली, पोस्टमन अजून फाटकाशीच होता. एगोनने विचारलं, "काय लिहितेय?" मी म्हटलं, "शिव्या घालतेय." तर म्हणाला, "चला, सुटलो."

डुएनचं तुला माहीत नव्हतं तर. गॅरेजमध्ये गाडीच्या जागी उरलेला तेलाचा डाग बघून तू रडलीस, मग त्याच्या आवडीचं मांस भाजून घातलंस, आणि त्याने "आज काय विशेष?" विचारलं तेव्हा "तुझ्या गुडघ्यासाठी" म्हणालीस, हे वाचून मी इतकी हसले की चष्मा काढावा लागला. त्याला तसंच राहू दे. आता आपल्या दोघींच्यात त्याचं एक गुपित आहे. पाच महिन्यांत आपल्या दोघींच्यात काहीच नव्हतं, त्या मानाने बरं आहे.

पण तिसऱ्या पानावर तू लिहिलंस ते काही केल्या डोक्यातून जात नाही. "इथं तीस वर्षं सगळे मला डेन्मार्कवाली म्हणतात. दुकानात, चर्चमध्ये, डॉक्टरकडे. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण मला वाटायचं, ते खरंच आहे. मग तुझ्या स्वयंपाकघरात तू मला अमेरिकन म्हणालीस. आता मी कुठली, ते सांग." हे मी एगोनला वाचून दाखवलं. तो खूप वेळ दाढी खाजवत बसला.

आणि मग चौथं पान. "समजून घे म्हणून लिहितेस? नाही घेणार. सगळं आयुष्य तुझं समजून घेण्यात गेलं. माफी मला कागदावर नको. समोर उभी राहा आणि तोंडाने म्हण." वा! लहानपणी मी तुला असंच उभी करायचे आणि म्हणायला लावायचे. शिकलीस चांगलं.

मी लिहिणार होते की मग ये इकडे, म्हणते तोंडाने. पण नाताळच्या तोंडावर तुला दुकान बंद ठेवता येत नाही, आणि डुएन त्या टेबलाशी पुन्हा बसणार नाही असं तू म्हणतेस. बरोबर आहे त्याचं. माझी इकडे भरसभेत घेतलेली शपथ. तुला येता येत नाही, मला यायचं नाही, असं झालंय बघ. मोठमोठ्या देशांची माणसंही अशीच अडून बसतात म्हणे, पण त्यांच्याकडे समजूत घालायला राजदूत तरी असतात. आपल्याकडे एगोन आहे.

सहज विचारते, १५ डिसेंबरला सकाळी दोघं घरीच असता ना? सोमवार येतो. तुमच्या लग्नाला साडेबारा वर्षं होतील, तांब्याचं लग्न. पहिला नवरा गेल्यावर तू पुन्हा हसायला लागलीस ती डुएनमुळे, हे तुमच्या लग्नात मीच सगळ्यांसमोर म्हटलं होतं. कार्ड कधी टाकावं ते कळावं म्हणून विचारलं. बाकी काही नाही.

तुझी थोरली,
बोडिल


क्लेअर क्रीक, आयोवा, १६ डिसेंबर २०२५

प्रिय एगोन,

फोनवर तू "हं" आणि "बरं" एवढंच बोलतोस, आणि इथं चार माणसांच्या देखत मला सविस्तर सांगता येत नाही. म्हणून लिहिते. बहुतेक पत्राआधी मीच पोचेन. तरी लिहितेच, कारण कालची सकाळ विरायच्या आत मला कुणाला तरी सांगायची आहे आणि ते कुणीतरी तूच आहेस.

मी निघायच्या आधी आल्बर्टेने माझ्या फोनमधली राष्ट्राध्यक्षाची व्यंगचित्रं पुसली. एकशे चौदा निघाली. "आजी, तुला दुसरं काम नाही का गं?" म्हणाली. इतकं करून विमानतळावर फोन कुणी बघितलाही नाही. काचेमागे एक जाडसर तरुण अधिकारी होता. त्याने विचारलं, "कशासाठी आलात?"

खोटं बोलायचं नाही असं मी विमानातच ठरवलं होतं. "माफी मागायला," मी म्हटलं.

त्याने मान वर केली. "कुणाची?"

"बहिणीची. आणि मेव्हण्याची."

"किती दिवस लागतील?"

"माणसं कठीण आहेत. मीही आहे. नऊ दिवसांचं तिकीट काढलंय."

"मलाही एक बहीण आहे," तो म्हणाला आणि शिक्का मारला. "शुभेच्छा, बाई."

शपथ मोडली म्हणून व्हेर्नरपुढे नाक मुठीत धरून जावं लागेल याची मला जास्त भीती होती. पण निघायच्या दिवशी तो कुंपणाशी आला, खारट ज्येष्ठमधाच्या गोळ्यांची पिशवी दिली, "लिस्बेटला दे" म्हणाला, आणि "सभागृहात मी कुणाला सांगणार नाही" असंही म्हणाला. आतापर्यंत सगळ्यांना सांगून झालं असेल.

मी उतरलेय ती लिस्बेटच्या समोर राहणाऱ्या मार्लिसकडे. शाळेची बस चालवायची, आता निवृत्त आहे. लिस्बेटच्या लग्नात भेटली होती, तुला आठवेल, तुला नाचायला ओढलं होतं तिने. रास्मुसने तिला फोन करून सगळं जमवलं. साडेबाराव्या वर्षी दारावर पानांची कमान बांधतात आणि ती अर्धीच बांधतात, हे तिला समजवायला मला पाऊण तास लागला. "अर्धी का?" "कारण पंचवीस वर्षं व्हायचीत." "मग तेव्हाच पुरी बांधा की." असं चाललं होतं. पण एकदा पटलं म्हटल्यावर तिने भावाच्या शेतातून गाडीभर देवदाराच्या फांद्या आणल्या. कमान आम्ही तिच्या गॅरेजमध्ये बांधली. तिथल्या भिंतीवर त्या माणसाच्या नावाचा चादरीएवढा झेंडा. मी आल्या आल्या त्याच्याकडे पाठ करून बसले. मार्लिसने बघितलं. काही न बोलता माझी खुर्ची शेकोटीच्या बाजूला फिरवून दिली, म्हणजे पाठ तिकडेच राहिली आणि पायही शेकले.

त्याच्याबद्दल आम्ही एकच वाक्य बोललो. ती म्हणाली, "मला तो आवडतो." मी म्हटलं, "मला नाही." "सुतळी दे," ती म्हणाली.

काल सकाळी सात वाजता, उणे सतरा अंश. रस्त्यावरची अकरा माणसं आली. एक प्लंबर आहे, त्याने तांब्याच्या नळीचे तुकडे आणून फांद्यांवर लटकवले, छान वाजत होते. दोघांना गाऊन उठवायचं असतं हे मी सांगितलं होतं. गाणं मात्र लिहिलं नव्हतं. हात शिवशिवत होते, एगोन, पण नाही लिहिलं. सगळ्यांना येणारं एकच गाणं निघालं, वाढदिवसाचं. तेच म्हटलं.

दार उघडलं. लिस्बेट, झोपेच्या कपड्यांत, केस विस्कटलेले. तिने कमान बघितली, माणसं बघितली, मग मला बघितलं. मी विमानात पाच वाक्यं पाठ केली होती. त्यातलं पहिलं तोंडात येतंय तोवर तीच सुरू झाली, थेट आपल्या गावच्या बोलीत. "डोक्यात काय भुसा भरलाय का तुझ्या? टोपी कुठाय? सदुसष्ट वर्षांची घोडी झालीस, उणे सतरामध्ये उघड्या डोक्याने उभी? कान गळून पडले म्हणजे? आणि कधी आलीस? शनिवारी? मग दोन दिवस खाल्लंस काय?" अकरा माणसांना एक अक्षर कळत नव्हतं, पण सगळे खाली मान घालून उभे, जणू टोपी तेच विसरलेत.

मागून डुएन आला. कमानीकडे बघत राहिला. "अर्धीच झालीये," म्हणाला.

"उरलेली साडेबारा वर्षांनी," मी सांगितलं.

"बरं आहे," तो म्हणाला. "तोवर राष्ट्राध्यक्ष बदललेला असेल."

पहिली हसली ती मार्लिस. मग सगळेच. लिस्बेट नाही हसली. रीत अशी की दोघांनी कमानीखालून बाहेर यायचं, पण ती उंबऱ्याच्या आतच उभी राहिली. "बोल," म्हणाली.

मी बोलले. पाच वाक्यांतली चार थंडीने गोठली होती. म्हटलं, "लिस्बेट, माझं चुकलं."

"इंग्रजीत म्हण. तुझं कडवं इंग्रजीत होतं."

बरोबर होतं तिचं. मी अकरा माणसांकडे वळले आणि जमेल तसं इंग्रजीत मोठ्याने सांगितलं की या माणसाला मी माझ्या घरी जेवायला बोलावलं आणि बेचाळीस लोकांना त्याच्यावर हसायला लावलं, की तो माझ्या कडव्यापेक्षा कितीतरी मोठ्या मनाचा आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि तो तसा नसता तरी मी ते करायला नको होतं. मग डुएनकडे बघून म्हटलं, "मला माफ कर."

तो स्वतःच्या सपातांकडे बघत होता. "शेवटची ओळ चांगली होती," म्हणाला.

"गुडघा कसा आहे?" मी विचारलं.

कानापर्यंत लाल झाला, एगोन. लिस्बेटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्याला कळलं. "दुखतो अधूनमधून," म्हणाला बिचारा. मार्लिसने जोरात नाक शिंकरलं.

मला वाटलं, झालं, आता आत बोलावतील, कॉफी मिळेल. पायांची बोटं मला कधीपासून जाणवत नव्हती. पण लिस्बेट जागची हलली नाही. "हे त्याचं झालं," ती आपल्या बोलीत म्हणाली. "माझं राहिलं."

"तुझं काय?"

"पत्रात विचारलं होतं, त्याचं उत्तर तू लिहिलंच नाहीस. मी कुठली?"

त्यासाठी माझ्याकडे पाठ केलेलं काही नव्हतं. अकरा माणसं, डुएन, सगळे आमच्याकडे बघत होते आणि कुणाला काही कळत नव्हतं. तिची हनुवटी थरथरत होती, दोरा बांधायला घेतला की थरथरायची तशी.

"माझी," मी म्हटलं. "तू माझी आहेस. कुठेही राहा."

ती त्या अर्ध्या कमानीखालून झोपेच्या कपड्यांतच बर्फात आली, माझे दोन्ही कान हातात धरले आणि चोळत राहिली.

तुझी,
बोडिल